सहा वर्षं मी करुणानंद होतो

छापलेल्या पुस्तकावर दोन नावं असतात. एक दर्शनी भागावर, मोठ्या अक्षरात, लिहिणाऱ्याचं. दुसरं शेवटच्या पानाच्या तळाशी, डोळे बारीक करून वाचावं लागेल असं, छापणाऱ्याचं. पहिलं नाव खोटं असलं तरी कोणाची हरकत नसते. लोक त्याला कौतुकानं टोपणनाव म्हणतात. दुसरं खोटं असून चालत नाही, तिथं कायदा आड येतो. मी सारा जन्म या दुसऱ्या, तळाच्या नावाच्या बाजूला काढला. मधली सहा वर्षं तेवढी पहिल्या बाजूला जाऊन बसलो होतो. संपादकांनी 'धंद्यातले अनुभव लिहा' असं कळवलं तेव्हा तीच सहा वर्षं आधी समोर आली.

मी जुळारी. म्हणजे कंपोझिटर. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो, कारण आमची जातच संपली. आमच्यासमोर लाकडाची एक मोठी तिरपी पेटी असे, तिच्यात शेकडो खण. एका खणात शिशाचे 'क' पडलेले, दुसऱ्यात 'ख', तिसऱ्यात नुसते काने, चौथ्यात वेलांट्या. एकेक खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या पट्टीत उभा करायचा, ओळ झाली की पुढची ओळ. अक्षरं उलटी असतात, त्यामुळे जुळाऱ्याला उलटं वाचायची सवय लागते. माझी बायको म्हणायची की तुम्ही समोरच्या माणसालाही उलटंच वाचता. गद्य जुळवणं सोपं, गाणं जुळवणं किचकट, कारण गाण्याच्या ओळी आखूड असतात आणि उरलेली रिकामी जागासुद्धा शिशाच्या कोऱ्या तुकड्यांनी भरावी लागते. कागदावर जे कोरं दिसतं तेही कोणीतरी बसून जुळवलेलं असतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं.

माझं घर पांढुर्ण्याचं, कपाशीवाल्यांचं. नोकरी मात्र सौंसरच्या छापखान्यात. मालक गुलाबकाका. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, एक कटिंग मशीन, दोन जुळारी आणि काकांचा आवाज, एवढा आमचा पसारा. आमचा भाग नागपूरपलीकडचा, हिंदी राज्यातला; कचेरी हिंदीत चालते आणि घर मराठीत. त्यामुळे सकाळी आम्ही तहसीलचे फॉर्म हिंदीत जुळवायचो आणि दुपारी लग्नपत्रिका मराठीत. पण खरी गर्दी गाण्यांच्या पुस्तकांची. आठ पानी, सोळा पानी, पिवळ्या नाहीतर गुलाबी मुखपृष्ठाची. गणपतीच्या आधी भजनी मंडळांची, जयंतीच्या आधी बुद्धविहारांची, पोळ्याच्या आधी शाहिरांची.

आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव यायचंच. 'अमुक म्हणे', 'तमुक सांगे'. नावाशिवायचं गाणं आमच्याकडे अर्धवट समजत. गाणारा दुसरा, ऐकणारे तिसरे, पण शेवटच्या कडव्यात नाव आलं की लोकांच्या माना हलणार: हं, हे त्याचं. आता हे नाव खरंच असायला पाहिजे असं काही नव्हतं. वडलांच्या धाकानं कोणी नाव बदलायचा, कोणी नोकरीच्या, आणि कोणाला स्वतःचं नाव कवीला शोभत नाही असं वाटायचं. एका मापाड्यानं आपलं नाव 'कविराज वसंतसेन' ठेवलं होतं. प्रूफ बघायला यायचा तेव्हा खांद्यावर कपाशीचे पुंजके चिकटलेले असायचे. आम्ही त्याला तोंडावर कविराज म्हणायचो, आणि तो ते मनापासून स्वीकारायचा.

पांढुर्ण्याचा एक शिंपी तर दोन नावांनी लिहायचा. शाहीर तुफान आणि शाहीर विजली. तुफान सवाल करायचा, विजली जबाब द्यायचा. दोघं एकमेकांचे वाभाडे काढायचे, आणि दोन्ही पुस्तकं हा एकाच पिशवीतून जत्रेत विकायचा. एका वर्षी भांडण इतकं रंगलं की ऐकणाऱ्यांचेही दोन पक्ष पडले. मंडळवाले म्हणाले, दोघांनाही एका मंचावर आणा. शिंपी घाबराघुबरा होऊन सौंसरला आला.

"वासुभाऊ, फसलो न मी. दोघाईले संगच बोलावून राहिले."

"मग?"

"मग काय. एकाले मारा लागते."

त्यानं तुफानाला मारला. विजलीनं लिहिलेलं तुफानाचं शोकगीत मीच जुळवलं, चौकटीला काळी जाड रेघ लावून. जत्रेत त्या गाण्यावर माणसं खरोखर रडली. पुढच्या वर्षी मात्र विजलीला भांडायला कोणी उरला नाही आणि पुस्तक पडून राहिलं. शिंपी मला म्हणाला, "तुफान चांगला होता, भाऊ. माह्याच हातून गेला." त्याचा चेहरा पाहून मला हसायचा धीर झाला नाही.

आता कुसुमबाईंबद्दल सांगतो.

सौंसरपासून सायकलीनं तासाभरावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं आता बदलली. कुसुमबाई तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. राहायच्या सौंसरच्या बौद्ध वस्तीत, म्हातारी आई आणि दोन धाकटे भाऊ यांच्यासह. वडील आधीच गेलेले, त्यामुळे चार तोंडं त्यांच्या एकटीच्या नोकरीवर. सहामाही-वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापून घ्यायला त्या आमच्याकडे यायच्या. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल आणि मोकळं. असं हस्तलिखित आलं की जुळाऱ्याचा दिवस चांगला जातो.

एकदा प्रश्नपत्रिकेच्या पाकिटात चार जास्तीचे कागद निघाले. जयंतीच्या पुस्तकासाठी गाणी. प्रत्येकाच्या शेवटी नाव 'करुणानंद'.

"हे कोण, बाई?"

"हायेत एक," त्या म्हणाल्या. "छापून द्या. मंडळाशी मी बोलली आहे."

मी अक्षराकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कागद पेटीवर ठेवले. आमच्या धंद्यात कोण कोण आहे हे ओळखायचं असतं, विचारायचं नसतं. सरकारी नोकरानं परवानगीशिवाय असं काही छापलं तर नोकरीवर येतं, हेही मला ठाऊक होतं.

त्यातलं एक गाणं पाण्याचं होतं. त्यांच्या शाळेत एक रांजण होता. बाकीची पोरं गडव्यानं, म्हणजे तांब्यानं, पाणी घ्यायची. बौद्ध वस्तीतल्या पोरांनी खाली ओंजळ धरायची आणि शिपायानं वरून ओतायचं. शिवाशिवीविरुद्ध कायदा होऊन किती वर्षं लोटली होती, पण रांजणापर्यंत तो पोचला नव्हता. बाईंनी हेडमास्तरांना दोनदा सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. म्हणून गाणं.

कोपरापाशी भिजली बाही, माय पाहते गुपचूप
रांजण भरला शाळेमध्ये, तहान लेकरा खूप

आणि शेवटी:

करुणानंद सांगे, माये, ओंजळ झाली पुरे
गडवा घेईल लेकरू हाती, पाणी सर्वांचे रे

गावाचं नाव नाही, शाळेचं नाव नाही, कोणाला शिवी नाही. मी ते जुळवलं आणि पहिल्यांदाच असं झालं की ओळ पट्टीत उभी करून मी थांबलो. आमच्या घरच्या विहिरीवर कोण कुठं उभं राहतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा त्या विहिरीकडे नीट पाहवेना.

गाणं पसरलं. जयंतीच्या मिरवणुकीत, लोधीखेड्याच्या कार्यक्रमात, संत्र्याच्या बगीच्यात माल छाटायला बसलेल्या बायांच्या तोंडी. आणि हेडमास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी वरती अर्ज केला की शाळेची बदनामी करणारं साहित्य शाळेतल्याच एका शिक्षिकेनं खोट्या नावानं छापलं आहे, चौकशी व्हावी.

चौकशीचे साहेब एका दुपारी सरळ छापखान्यात आले. आमचं नाव पुस्तकाच्या तळाशी होतंच, पत्ता शोधायचं कारण नव्हतं. साहेब हिंदीवाले, तिकडचे वरच्या भागातले, शांत आणि नेटके. गुलाबकाका कागद आणायला नागपूरला गेलेले. दुसरा जुळारी जेवायला. मी आणि ट्रेडल.

साहेबांनी पुस्तक पुढं केलं. "इसकी पांडुलिपि चाहिए. लिखावट मिलानी है."

त्यांच्या फाइलमधून बाईंच्या अक्षरातला कसलासा अर्ज डोकावत होता. ते गोल अक्षर मी लांबूनही ओळखलं. आणि पांडुलिपि कुठं होती? ट्रेडलमध्ये. छाप उठावदार यावी म्हणून मशीनच्या पाट्यावर ताणलेल्या कागदाखाली आम्ही जुने कागद घालायचो. जुळून झालेली हस्तलिखितं बहुतेक तिथंच संपायची. बाईंचे चारही कागद त्या घटकेला साहेबांच्या कोपरापासून हातभर अंतरावर, एका लग्नपत्रिकेखाली दबलेले होते.

"साहब, पांडुलिपि हम रखते नहीं," मी म्हणालो. हे खरं होतं, म्हणून आवाज नीट निघाला.

"तो करुणानंद कौन है? आपने छापा है, आपको मालूम होना चाहिए."

मला मालूम नाही म्हणालो असतो तर संशय बाईंवरच राहिला असता, कारण अर्जात त्यांचंच नाव होतं. दुसऱ्या कोणाचं नाव सांगितलं असतं तर तो फुकट अडकला असता. मी फार विचार केला असं म्हणणं खोटेपणा होईल. तोंडातून निघून गेलं:

"मैं हूँ, साहब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बनियन, शाईनं काळी बोटं, कानाला अडकवलेला चिमटा. "आप कवि हैं?"

"जी. थोड़ा-बहुत."

"तो एक छंद सुनाइए. अभी बनाकर."

इथं माझी जी फजिती झाली ती मी आजवर कोणाला पुरती सांगितलेली नाही. मी शेकडो गाणी जुळवली होती, पण एक ओळ केली नव्हती. डोक्यात होतं ते सगळं दुसऱ्यांचं. मी पट्टी हातात घेतली, कारण हात रिकामे असले की मला सुचत नाही, आणि आदल्याच आठवड्यात एका शाळेच्या बक्षीस समारंभाची पत्रिका जुळवली होती तिचे शब्द बोटांना आठवले. खिळे उचलत उचलत म्हटलं:

शाळा आमची लाख मोलाची, गुरुजन थोर महान
करुणानंद म्हणे बालकांनो, राखा त्यांचा मान

साहेबांनी अर्थ विचारला. मी हिंदीत सांगितला. त्यांचा चेहरा उजळला.

"इसमें तो शिक्षकों की प्रशंसा है."

"जी साहब."

"यह पुस्तक में क्यों नहीं है?"

"जगह कम पड़ गई."

"अगली बार यह भी छापिए." त्यांनी माझ्याकडून नाव, गाव आणि सही घेतली. मी सरकारी नोकर नव्हतो, त्यामुळे माझ्यावर कारवाई करण्यासारखं काही नव्हतं. फाइल बंद झाली. जाताना म्हणाले, "कविता अच्छी चीज़ है, पर सकारात्मक लिखा कीजिए."

गुलाबकाका परत आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वासुदेवा, तू कवी कधीपासून झाला रे?" "आजपासून, काका." "अन् ते कागद?" मी ट्रेडलकडे बोट दाखवलं. काकांनी ते बाहेर काढले. छापून छापून त्यांच्यावर लग्नपत्रिकेतल्या गणपतीचा ठसा खोल उमटला होता आणि अक्षर मिटत आलं होतं. काकांनी ते खळ शिजवायच्या शेगडीत घातले आणि म्हणाले, "आता तोंड आवर. कवीनं कमी बोललेलं बरं असते."

कुसुमबाई दोन दिवसांनी आल्या. हातात प्रश्नपत्रिकेचं पाकीट. पाकिटाबरोबर एक डबाही होता. त्या म्हणाल्या, "माह्या आईनं तुमच्यासाठी शेवया देल्ल्या." डबा ठेवला आणि पाकीट ठेवलं. पाकिटात दोन नवी गाणी होती. शेवटी करुणानंद.

मला वाटलं होतं, प्रकरण फाइलबरोबर मिटलं. पण साहेबांच्या कारकुनाकडून बाजारात बातमी गेली की करुणानंद म्हणजे छापखान्यातला वासुदेव. पुढच्या जयंतीला वस्तीतली माणसं हार घेऊन छापखान्यात आली. नाही म्हणणं शक्य नव्हतं. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग कोण?' मी मान खाली घालून हार घालून घेतला. लोधीखेड्याला बोलावलं, बोरगावला बोलावलं, पांढुर्ण्याला माझ्याच गल्लीत सत्कार झाला. एका कुणब्याच्या पोरानं वस्तीचं दुःख असं मांडलं, म्हणून भाषणं झाली. मी मंचावर बसायचो आणि कुसुमबाई समोर बायांमध्ये सतरंजीवर.

इथं मला कबुली द्यायची आहे. पहिली दोन वर्षं तो हार मला टोचायचा. तिसऱ्या वर्षापासून टोचेनासा झाला. मी पांढरा सदरा शिवून घेतला, त्याच विजलीकडून. घराच्या दारावर पाटी लावली: वासुदेव, आणि खाली 'करुणानंद'. कोणी विचारलं की ते बाहीचं कसं सुचलं, तर मी आकाशाकडे बघून म्हणायचो, "सुचते बाप्पा." एकदा वस्तीतल्या सकूबाईनंच विचारलं. ही कुसुमबाईंच्या शेजारची, संत्र्याच्या बगीच्यात माल छाटणाऱ्या बायांची मुकादमीण. मी तेच उत्तर दिलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि "हो का" म्हणाली. तिला माझं कौतुक वाटलं असं मी समजलो.

नवी गाणी पाकिटातून येत राहिली. बाई कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. साहेबांच्या हुकमाप्रमाणे माझं ते 'गुरुजन थोर महान'वालं कडवंही मी प्रत्येक आवृत्तीत पाण्याच्या गाण्याखाली इमानानं छापत राहिलो. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

सहाव्या वर्षी बाई पाकिटाशिवाय आल्या. दोन्ही भाऊ नोकरीला लागले होते. त्यांची स्वतःची बदली सौंसरला झाली होती, आणि त्यांनी रीतसर अर्ज करून साहित्य छापायची परवानगी मिळवली होती. तो शिक्का मारलेला कागद त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"वासुभाऊ, एक मागू का?"

"मागा न, बाई."

"माह्यं गाणं वापस पाहिजे."

मी लगेच 'घ्या' म्हणालो असतो तर आज ही गोष्ट मला जास्त अभिमानानं सांगता आली असती. मी म्हणालो, "हो हो, देऊ न. पण लोकाईले एकदम कसं सांगाव? हळूहळू करू." "तुमच्यानं माही नोकरी राहिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाई म्हटलं तरी मी तुमचं वाईट बोलणार नाई. पण मले एकदा तरी माह्या तोंडानं माह्यं गाणं म्हणाव वाटते." आणि गेल्या. मी पट्टीत खिळे भरत राहिलो आणि सगळी ओळ चुकली.

गुलाबकाकांनी ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "दारावरची पाटी काढाले दोन खिळे उपसा लागते, वासुदेवा. किती दिवस लावशीन?"

मी आठ दिवस लावले. आठव्या दिवशी जयंती होती.

विहारासमोर मांडव. मी नेहमीसारखा मंचावर. बाईंनी मंडळाला आधी कळवून गाण्यासाठी नाव दिलं होतं. निवेदकानं माइक घेतला आणि म्हणाला, "आता आपल्या कुसुमबाई आपले लाडके कवी करुणानंद, म्हणजे वासुभाऊ, यांचं पाण्याचं गाणं सादर करतील." टाळ्या झाल्या. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या, पेटीवाल्यानं सूर दिला, आणि त्या गाईनात. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. समोर मांडवाच्या खांबाकडे बघत होत्या. सूर एकदा संपला, पेटीवाल्यानं पुन्हा धरला.

मला तेव्हा समजलं की या बाईनं सहा वर्षं हे ऐकलं आहे आणि आज तिच्याच्यानं होत नाही.

मी उठलो. माइकजवळ जाऊन म्हणालो, "मंडळी, माफ करा. मी कवी नाही, जुळारी आहे. करुणानंद मी नव्हे. यातली एक ओळ माझी नाही, ते खालचं गुरुजनांचं कडवं सोडलं तर. सगळी गाणी कुसुमबाईंची आहेत. त्यांच्या नोकरीवर येऊ नये म्हणून मी खोटं बोललो, आणि पुढं मला त्याची गोडी लागली." गळ्यातला हार काढला. तो बाईंना घालायचं मला धारिष्ट्य झालं नाही, म्हणून पेटीवर ठेवला.

मला वाटलं होतं गलका होईल. कोणी शिव्या देईल, कोणी बाईंनाच खोटं पाडेल. तसं काही झालं नाही. पुरुषमाणसं एकमेकांकडे बघू लागली. बायका मात्र तशाच बसलेल्या, लग्नात एखाद्या वऱ्हाड्यानं सगळ्यांना ठाऊक असलेलंच काही सांगावं तशा. सकूबाई पुढच्या रांगेतून म्हणाली, "झालं न सांगून? मंग बसा आता, बाईले गाऊ द्या."

मी मंचाच्या पायरीवर बसलो. बाई गायला लागल्या. आवाज आधी फाटला, मग लागला. बाहीचं कडवं झालं, रांजणाचं झालं. शेवटचं कडवं आलं आणि नावाच्या जागी त्या अडखळल्या. सहा वर्षांची सवय जिभेवर होती, आणि स्वतःचं नाव तिथं त्यांनी उघड्यावर कधी उच्चारलं नव्हतं. पेटी थांबली.

तेवढ्यात खालून चाळीस बायांनी एका आवाजात ओळ उचलली:

कुसुमबाई सांगे, माये, ओंजळ झाली पुरे

कोणी चाचपडलं नाही, कोणी मागंपुढं झालं नाही. नाव त्या जागी बरोबर बसलं. पाठ असल्याशिवाय चाळीस माणसं असं म्हणू शकत नाहीत, हे गाण्याच्या पुस्तकांत आयुष्य काढलेल्या मला कोणी सांगायची गरज नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मी सकूबाईला गाठलं. "हे तुम्ही कधी बसवलं?"

"बसवाचं काय त्याच्यात?" ती म्हणाली. "पहिल्या सालापासून असंच म्हणतो आमी बगीच्यात. पोराची बाही पाहून पानी ओळखनारी मायच रायते, वासुभाऊ. मानसाले ते दिसते का? पुस्तक आलं तवाच कळलं होतं कोनाचं हाये ते. अन् तुमचं ते गुरुजनाचं कडवं तं आमी एकडाव बी नाई म्हटलं."

"मग मला हार कशाला घालत होता?"

तिनं मला निरखून पाहिलं. मी खरंच विचारतो आहे की नाही याची तिला खात्री करून घ्यायची असावी.

"आमच्या बाईची नोकरी वाचवाले तुमी साहेबापुढं खोटं बोलले," सकूबाई म्हणाली. "त्याचा होता तो हार. दुसरा कशाचा?"